काही नाही, बाबा

॥ श्री ॥

येना (जर्मनी), २ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप बाबांना,
अपूर्वाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं शेवटचं पत्र येऊन तीन महिने झाले. आई फोनवर रोज भेटते, तुम्ही तिच्या मागून हात हलवता आणि कॅमेऱ्याच्या बाहेर निघून जाता. तुम्हाला फोन ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रं सुरू केली आणि आता तुम्ही पत्रालाही दाद देत नाही. चौतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये दणदणाट ऐकून कान गेले, मान्य. पण हात शाबूत आहेत ना? रागावला आहात की आळस केलात, तेवढं तरी कळवा.

इकडे ठीक आहे. उत्कर्षच्या ऑफिसात नवीन साहेब आलाय आणि आल्या दिवसापासून मीटिंगा वाढल्यात. उर्जा नऊ वर्षांची झाली, आता आरशासमोर जास्त वेळ असते. समर्थला मराठी सगळं कळतं, पण तो उत्तर जर्मनमध्येच देतो. परवा त्याला भूक लागली का म्हणून विचारलं, तर साहेब गंभीर चेहऱ्याने ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले.

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही पाच दिवस बाल्टिक समुद्रावर, ऱ्यूगन बेटावर जाऊन आलो. पांढऱ्या खडूचे कडे आहेत तिथे, थेट पाण्यात उतरलेले. वारा एवढा की समर्थची टोपी उडाली ती परत मिळालीच नाही. किनाऱ्यावर लोक वेताच्या झाकणवाल्या खुर्च्यांत वाऱ्याकडे पाठ करून तासन्‌तास बसतात, काहीही करत नाहीत. उत्कर्षने तशी खुर्ची दिवसभरासाठी घेतली आणि अर्ध्या तासात त्यालाच चुळबूळ सुरू झाली.

जाताना गाडीत मधल्या सीटवर खाऊची पिशवी ठेवली होती. दोन्ही बाजूंना मुलांच्या किंडरझिट्झ, त्या उंच खास सीटा, कायद्याने लागतातच, आणि मध्ये उरते ती वीतभर जागा. तुम्ही दोघं एप्रिल ते जून इथे होतात तेव्हा ठरलं होतं, एकदा आई, एकदा बाबा. मग वायमारला आई गेली, वार्टबुर्गचा किल्ला बघायला आई, धरणावरच्या बोटीत आई. तुमची पाळी आली की तुम्ही म्हणायचात, मला कंटाळा येतो, तिलाच न्या. आम्हीही फारसा आग्रह केला नाही. त्या पिशवीकडे बघून मला सगळ्या वाटेत कसंनुसं होत होतं. मजा केली नाही असं नाही म्हणणार मी, पण घशाखाली धड उतरली नाही.

म्हणून पुढच्या मे महिन्यात सात सीटची गाडी भाड्याने घ्यायचं ठरवलंय. तुमच्या व्हिसासाठी इथल्या ऑफिसात जाऊन हमीपत्र लिहून द्यावं लागतं, त्याची जानेवारीतली अपॉइंटमेंट मिळाली आहे. या वेळी सगळीकडे बाबा पुढच्या सीटवर. फक्त हो म्हणा.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो एकदा पाकिटात घालून पाठवा.

तुमची,
अपूर्वा

*

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

चिंचवड, २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अपूर्वा हिस,
पद्माकरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले, मजकूर समजला. राग नाही. आळसही नाही. लिहिण्यासारखे विशेष काही घडत नाही, इतकेच.

मे महिन्यात तुझ्या आईला अवश्य बोलाव. ती हौशी आहे, तिला पाहायचे अजून पुष्कळ राहिले असे ती म्हणते. मी येणार नाही. विमानात कानांना त्रास होतो आणि इतका वेळ बसवत नाही. माझी पाळी मी राजीखुशीने तिला दिली होती, त्यात तुमची काही चूक नाही. सात सीटची गाडी वगैरे खटाटोप करू नये.

तळमजल्यावरच्या फ्राउ क्राउज यांची तब्येत कशी आहे? त्यांचा उजवा गुडघा थंडीत दुखत असे. दिसल्या तर माझा नमस्कार सांग. जमल्यास नारळाच्या वड्या करून दे, त्यांना गोड चालते.

मुलांस आशीर्वाद, जावईबापूंस नमस्कार. आम्ही खुशाल आहोत, तुम्हीही तसेच असा.

तुझा,
बाबा

*

येना, १५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप बाबांना,
अपूर्वाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी मला हसूच आलं. सहा वर्षं आम्ही या इमारतीत राहतोय. फ्राउ क्राउजचा गुडघा दुखतो, तोही उजवा, हे मला ठाऊक नाही आणि तुम्हाला कसं ठाऊक? उत्कर्ष म्हणाला, बाबांनी जाता-येता बघितलं असेल. तरी वड्या केल्या. इथे नाताळच्या आधी लोक शेजाऱ्यांना घरच्या बिस्किटांचे डबे देतात, त्यामुळे निमित्तही बरं होतं. काल डबा घेऊन खाली गेले.

त्यांनी मला आत बसवलं, कॉफी दिली आणि पहिला प्रश्न तुमचा विचारला. हेर पद्माकर कसे आहेत. मग त्यांनी फिंग्स्टनच्या सोमवारचं सांगितलं. त्यांचं बोलणं इकडच्या गावाकडच्या ढंगाचं आहे, मला निम्मं कळलं. पण ते निम्मंच पुरे झालं, बाबा.

मे महिन्यातला तो सुट्टीचा सोमवार. आम्ही आईला घेऊन धरणावर गेलो होतो. तुम्ही कचरा टाकायला खाली उतरलात आणि घराचं, इमारतीचं, दोन्ही दारं आपोआप बंद झाली. बाहेरून त्यांना मूठच नसते, मीच तुम्हाला दाखवलं होतं. किल्ली आत, फोन आत, पायांत सपाता. तुम्ही दारावरच्या सगळ्या घंटा दाबल्यात. तिसऱ्या मजल्यावरचा विद्यार्थी नंतर त्यांना म्हणाला की घंटा वाजत होती, तो वरून इंटरकॉमवर हॅलो हॅलो करत होता आणि खालून कोणी बोलतच नव्हतं. त्याला वाटलं, पोरं खोड्या काढतायत. दहापासून साडेबारापर्यंत तुम्ही कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे होतात.

आणि संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा तुम्ही दारासमोरच्या बाकावर बसून होतात. आत्ताच खाली आलो आणि दार लागलं, असं म्हणालात. मी तुम्हाला किती बोलले. किल्ली खिशात ठेवायला शंभर वेळा सांगितलंय म्हणाले. मुलांच्या देखत.

आता जे लिहिते ते उत्कर्षलाही सांगितलेलं नाही. फ्राउ क्राउजने मला त्या दिवशी घरच्या फोनवरून चार वेळा फोन केला होता. पार्सलसाठी मी त्यांना माझा नंबर देऊन ठेवला होता, त्यांचा मात्र घेतला नव्हता. फोन मी बघितला, बाबा. चारही वेळा. येनाचा नंबर, अनोळखी. समोर माणूस असलं की मला जर्मन येतं, ऑफिसात दिवसभर तेच करते. पण फोनवर लोक भराभर बोलतात, चेहरा दिसत नाही, आणि मी नुसती ‘या, या’, म्हणजे हो, हो, करत राहते. म्हणून अनोळखी जर्मन नंबर मी उचलत नाही. सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. तुम्ही घरी एकटे आहात हे त्या क्षणी डोक्यात आलं होतं. येऊनसुद्धा मी फोनचा आवाज बंद केला आणि बोटीतला आईचा फोटो काढला. तोच फोटो तुमच्या हॉलमध्ये लावलाय.

तुम्ही येणार नाही का म्हणता ते आता कळलं. कोण येईल अशा घरी. मी तुम्हाला आणलं आणि अडीच महिने राखणदारासारखं घरात ठेवलं. मला माफ करा असं लिहायला सोपं जातं, म्हणून लिहीत नाही. पण रागवा तरी. चार ओळी रागाच्या लिहा.

तुमच्या लोभाला पात्र व्हायचं आहे अशी,
अपूर्वा

*

॥ श्री ॥

चिंचवड, ५ जानेवारी २०२५

चि. अपूर्वास,
आईचे अ. आ.

मी आयुष्यात पत्र लिहिलं नाही ते तुझ्यामुळे लिहितेय. फोनवर बोलले असते, पण हे समोर बसलेले असतात. ऐकू येत नाही तरी माझ्या तोंडाकडे बघून यांना कळतं.

तुझं पत्र यांनी वाचलं आणि घडी न घालता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी वाचलं आणि ताट तसंच बाजूला सरकवलं. सहा महिने हा माणूस माझ्याबरोबर एका घरात आहे आणि मला यातलं काही माहीत नाही. त्या दिवशी परत आल्यावर मी यांना धरण किती मोठं, बोट किती छान, हेच सांगत बसले होते. म्हणजे सांगत कसली, हातवारे करत होते.

तू स्वतःलाच बोल लावू नकोस. यांना फिरायचा कंटाळा कधीच नव्हता, हे तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. लग्नानंतर दर सुट्टीला स्कूटरवर मला कुठे कुठे घेऊन जायचे. कंटाळा येतो म्हणाले तेव्हा मला खोटं कळलं होतं. पण मला जायचं होतं गं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला गाडीत बसवून किल्ले दाखवत होतं. म्हणून मी ते खरं धरून चालले.

तो बोटीतला फोटो मी भिंतीवरून काढून कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर यांनी परत लावलेला. वर मला खूण करून सांगितलं, छान आलाय, राहू दे.

चार दिवस झाले, हे टेबलाशी बसून लिहितायत आणि फाडतायत. काय लिहितात ते दाखवत नाहीत. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालणार आहेत म्हणे, त्यामुळे माझं हे मी आधीच चिकटवून देतेय. थंडीत मुलांना जप, तूही वेळेवर जेवत जा. आमचा जीव तुझ्यातच आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
आई

*

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

चिंचवड, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. अपूर्वा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू त्या दिवसाबद्दल स्वतःला फार दोष दिला आहेस. ते बरोबर नाही, कारण तुला अर्धेच ठाऊक आहे. उरलेले अर्धे मी कोणालाच सांगितलेले नाही. तुझ्या आईलाही नाही. ते लिहिताना मला संकोच वाटतो.

साडेबारापर्यंतचा वेळ वाईट गेला हे खरे. लघवीची फार पंचाईत झाली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. फ्राउ क्राउज त्यांच्या बागेतून परत आल्या. त्यांनी काही विचारले नाही, आधी न्हाणीघराचे दार उघडून दिले. नंतर नवऱ्याचा एक स्वेटर आणून दिला. त्यांचा नवरा शेवटची दहा वर्षे ठार बहिरा होता, हे मला पुढे समजले.

मग त्या माझ्या समोर खुर्ची ओढून बसल्या. काही सांगायचे झाले की आधी टेबलावर बोटांनी वाजवीत. मी वर पाहिले की मगच ओठ हलवीत. समजले नाही तर वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढीत. मला जर्मन येत नाही, त्यांना मराठी किंवा इंग्रजी येत नाही. तरीही पाच तासांत मला त्यांचा भिंगांचा कारखाना, घासण्याचे यंत्र, नवरा, गुडघा, सगळे समजले. मीही आमच्या प्रेसचे चित्र काढून दाखवले. त्यात माझ्या हाताचे बोट कसे वाचले तेही सांगितले. त्या पांढऱ्या शतावरीच्या काड्या आम्ही दोघांनी मिळून सोलल्या. तिकडे त्या हंगामात घरोघर तीच भाजी असते. माझा हात यंत्रावरचा, साल बारीक निघे. त्यांना त्याचे कौतुक वाटले.

संध्याकाळी खिडकीतून तुमची गाडी दिसली, तेव्हा मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसलो. तू रागावलीस ते मी ऐकून घेतले. तुझ्या चेहऱ्यावरून समजत होते.

त्यानंतर जून संपेपर्यंत तुम्ही चार वेळा फिरायला गेलात. चारही वेळा मी कंटाळा येतो असे सांगितले आणि गाडी वळणाआड गेली की किल्ली खिशात घालून खाली गेलो. मुलीच्या घरी पाहुणा जावे आणि मुलगी कधी बाहेर पडते याची वाट पाहावी, याची मला शरम वाटते. तुला पत्र लिहायला बसलो की हेच पुढे येई आणि पेन बाजूला ठेवावे लागे. तुम्ही मला टाकून गेला नाहीत. मीच तुम्हाला घालवत होतो.

तुम्ही सर्वजण माझ्याशी प्रेमाने वागता, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात बोलणे चालू असते आणि मी काय झाले म्हणून विचारले की “काही नाही, बाबा” असे उत्तर येते. तुझी आईही तसेच म्हणते. मोठ्याने दोनदोनदा सांगायचा त्रास होत असणार, मला ते समजते. अलीकडे मी विचारणे कमी केले आहे.

एकच विचारायचे राहून गेले आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तू डब्यातला आमरस काढला होतास. जेवताना उर्जाने काहीतरी केले आणि तुम्ही सगळे हसलात. तुझ्या तर डोळ्यांतून पाणी आले. तुला इतके हसताना मी फार वर्षांनी पाहिले. मी विचारले, तू काही नाही म्हणालीस. तुम्ही हसत होता म्हणून मीही हसलो. ते काय होते ते मला अजून मधूनच आठवते. सवडीने कळवलेस तर बरे वाटेल.

सर्वांस आशीर्वाद. आमची आठवण आहे तशी राहू द्यावी.

तुझा,
बाबा

*

येना, २६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाबांना,
अपूर्वाचा शि. सा. न. वि. वि.

आईलाही नमस्कार. पण हे पत्र तिच्या हातात देऊ नका, तुम्ही एकट्याने वाचा.

मागच्या मंगळवारी हमीपत्र लिहून दिलं. त्यावर तुमचंही नाव घातलं आहे. यायचं की नाही, आणि आलात तर आमच्याकडे उतरायचं की तळमजल्यावर, ते तुम्ही ठरवा. फ्राउ क्राउजना तुमचा नमस्कार सांगितला, या वेळी समोर बसून, सावकाश. शतावरीचा हंगाम एप्रिलच्या मध्याला सुरू होतो, एवढाच निरोप त्यांनी दिला आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. आधी वाटलं, समर्थने मराठी आणि जर्मनची काहीतरी खिचडी केली होती असं लिहून टाकावं. तुम्ही वाचून हसला असता आणि विषय मिटला असता. कागद पुढे घेऊन पहिली ओळ लिहिलीसुद्धा. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतेय.

झालं होतं ते असं. तुम्ही उर्जाला आमरस वाढत होतात. ती पुरे म्हणाली, तुम्हाला ऐकू आलं नाही, तुम्ही अजून एक पळी वाढलीत. ती आणखी मोठ्याने पुरे म्हणाली, तेव्हा तुम्ही थांबलात आणि खाली मान घालून जेवायला लागलात. मग उर्जाने कानामागे हात धरला, मान पुढे काढली, चेहरा ओढला आणि तुमच्या आवाजात “काय? काय गं?” म्हणाली. हुबेहूब. उत्कर्षला ठसका लागला. समर्थ टाळ्या वाजवायला लागला. सगळ्यात जास्त मी हसले. तेवढ्यात तुम्ही वर बघितलंत, कानामागे हात नेलात, मान पुढे काढलीत आणि विचारलंत, काय, काय गं. त्यावर आम्हाला आणखी हसू फुटलं. आई ताटावरून उठून आत गेली. मी डोळे पुसत तुम्हाला म्हणाले, काही नाही, बाबा. आणि तुम्हीही आमच्याबरोबर हसलात.

उर्जावर रागावू नका. ती नऊ वर्षांची आहे आणि ती नक्कल तिची नव्हती. आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरात मी ती उत्कर्षला करून दाखवली होती. उर्जा दारात उभी होती. तिने माझी बघून उचलली.

लोभ असावा हे रीतीप्रमाणे लिहायचं असतं. आज ते लिहायला हात धजत नाही.

तुमची,
अपूर्वा